गोळी, घोट आणि झुरका

विरारहून अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यात ताडगोळे घेऊन बसलेल्या बाया दिसतात. ज्या ताडाचं हे फळ, त्याच जातीच्या झाडाची पोय छेदून तिच्याखाली मडकं बांधलं की रात्रभर थेंब थेंब रस गळत राहतो. दिवस वर यायच्या आत उतरवला तर ती नीरा, निव्वळ गोड. तशीच ठेवली तर यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत बसतं आणि दुपारपर्यंत नीरेची ताडी होते. आंबूस, फेसाळ, चार ते सहा टक्क्यांच्या आसपासची.

पण महाराष्ट्रात ताडी म्हणून विकलं जाणारं बरंच काही कुठल्याच झाडावरून उतरलेलं नसतं. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या छाप्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत आणि त्यांत एक नाव हमखास असतं: क्लोरल हायड्रेट. पांढरे, पाण्यात झटकन विरघळणारे खडे. पाणी, सॅकरिन, असलीच तर थोडी खरी ताडी, आणि त्यात ही पूड. शेजारच्या तेलंगणात हेच काम अल्प्राझोलमकडून करून घेतात, म्हणजे आपल्याकडे डॉक्टर चिंतेवर आणि झोपेसाठी लिहून देतात त्याच औषधाकडून. पातळ ताडीला जड नशा यावी, एवढाच हिशेब.

या बातम्यांत गुन्हा आहेच. मला मात्र त्यातलं रसायन खिळवून ठेवतं. कारण दारूत झोपेचं औषध मिसळलं की दोन नशांची नुसती बेरीज होत नाही. आपल्याच यकृतात दारू त्या औषधाला जास्त जालीम करते आणि ते औषध दारूला जास्त वेळ रक्तात टिकवतं.

क्लोरल पहिल्यांदा तयार केलं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी, १८३२ साली. पुढे १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यांनी त्याच्या हायड्रेटने झोप लागते हे दाखवून दिलं. शरीरात त्याचं क्लोरोफॉर्म होत असेल, असा त्यांचा तर्क होता. झोप खरी निघाली, तर्क चुकला. पोटात गेलेलं क्लोरल हायड्रेट काही मिनिटांतच नाहीसं होतं आणि त्याच्या जागी ट्रायक्लोरोइथेनॉल नावाचा पदार्थ येतो. झोप आणतो तो हा, आणि तो पुढे कितीतरी तास रक्तात राहतो.

हा बदल घडवणाऱ्या विकरांत मुख्य आहे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, म्हणजे दारू पचवणारं विकर. दारूच्या रेणूतला हायड्रोजन ते काढून घेतं आणि एनएडी नावाच्या वाहकावर चढवतं. हायड्रोजन लादलेला तो वाहक म्हणजे एनएडीएच. क्लोरलच्या बाबतीत हेच विकर नेमकं उलटं काम करतं. त्याला हायड्रोजन द्यावा लागतो आणि तो येतो एनएडीएचकडून. आता दोन्ही एकाच पेल्यातून पोटात गेले तर काय होईल? दारू पचता पचता एनएडीएचचा साठा वाढत जातो, तो क्लोरलच्या कामी येतो आणि झोप आणणारा पदार्थ एरवीपेक्षा भराभर तयार होतो. तयार झाल्यावर तो त्याच विकराला अडवतो, त्यामुळे दारूचं पचन मंदावतं आणि रक्तातली दारू वर चढते. एकाच विकराच्या दोन दिशा आणि दोन्हीकडून माणूस खाली खेचला जातो. इतकी नेटकी आणि इतकी घातक जुळणी निसर्गात आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

हे विकर किती सावकाश चालतं तेही पाहा. विरार स्टेशनवर तिकिटाची एकच खिडकी उघडी असली, तर रांगेत दहा माणसं असोत की दोनशे, तासाला निघणारी तिकिटं तेवढीच. अल्कोहोलचं असंच आहे. बहुतेक औषधं रक्तात जितकी जास्त, तितकी जास्त वेगाने बाहेर पडतात. दारू मात्र दोन घोटांनंतरच खिडकी भरून टाकते, आणि मग तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम एवढाच निचरा. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे साठ मिलिलिटरच्या एका पेगमध्ये वीस ग्रॅम अल्कोहोल, आणि ते जायला दोन-तीन तास. रात्री अकराला तिसरा पेग संपवून ‘आता उतरली’ असं म्हणत दोन वाजता झोपेची गोळी घेणाऱ्याच्या रक्तात तेव्हाही बऱ्यापैकी दारू शिल्लक असते.

याच खिडकीने माणसं वाचवलीही आहेत. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त जीव घेतले. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नसतं; आपलं विकर त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि त्यातून फॉर्मिक आम्ल होऊ देतं, आणि हे आम्ल डोळ्यांच्या नसा जाळतं. रुग्ण वेळेत पोचला तर डॉक्टर त्याला मोजूनमापून साधं अल्कोहोल देऊ शकतात. विकराला साधी दारू मिथेनॉलपेक्षा कितीतरी जवळची. ती पुढे घुसते, मिथेनॉल रांगेतच राहतं आणि विष न बनता हळूहळू शरीराबाहेर जातं. फोमेपिझोल नावाचं औषध हेच काम जास्त सफाईने करतं, पण ते महाग आहे. दारूवर दारूचाच उतारा, तोही वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात छापलेला!

यकृतातून आता मेंदूकडे वळू. मेंदूत गाबा नावाचं द्रव्य आहे. ते पेशीवरच्या ग्राहकाला चिकटलं की पेशीत क्लोराइडचे कण शिरतात आणि ती शांत होते. डायझेपाम, अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या गोळ्या त्याच ग्राहकावर वेगळ्या जागी बसून गाबाचं काम वाढवतात. गाबा असेल तेवढंच वाढवायचं, ही त्यांची मर्यादा, आणि म्हणूनच नुसत्या या गोळ्यांनी मृत्यू क्वचित होतो. दारू सोबत असली की ही मर्यादा उरत नाही. दारू त्याच ग्राहकावर आपला हात चालवते, शिवाय मेंदूला जागं ठेवणारं ग्लुटामेटही दाबते. मेंदूच्या बुडाशी श्वासाचं केंद्र आहे, ते मंदावतं. वेदनेसाठीचं ट्रामाडॉल किंवा खोकल्याच्या औषधातलं कोडीन त्यात भरीला पडलं तर श्वासावर तिसरा घाव. कित्येकदा मृत्यू श्वास थांबूनही होत नाही: गुंगीत उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते. म्हणून अशा माणसाला ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणत पाठीवर झोपवून निघून जाणं सर्वांत वाईट. कुशीवर वळवायचं, कुणीतरी जवळ बसायचं आणि हाक मारून जागा होत नसेल तर १०८ लावायचा.

रोज पिणाऱ्याचं चित्र उलटं असतं. इतकी वर्षं दाबलेला मेंदू तोल सांभाळायला स्वतःच बदलतो; गाबाला दाद कमी देतो, ग्लुटामेटला जास्त. छापा पडला, ताडीचं केंद्र चार दिवस बंद राहिलं की हा माणूस शांत व्हायच्या ऐवजी थरथरतो, घामेजतो, त्याला नसलेली माणसं दिसतात, झटके येतात. लोक म्हणतात, ‘सोडली म्हणून वेड लागलं.’ त्याला रुग्णालयात जे देतात ते पाहून थक्क व्हावं: क्लोर्डायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम, म्हणजे दारूसोबत घेऊ नका असं ज्यांच्याबद्दल बजावून सांगतात तीच गोळ्यांची जात. आदल्या आठवड्यात जी गोळी दारूबरोबर जीव घेऊ शकत होती, तीच आता दारूची जागा घेऊन, रोज थोडी थोडी कमी होत, जीव वाचवते. यकृत खराब झालेलं असेल तर डॉक्टर लोराझेपामच का निवडतात, यालाही कारण आहे. इतर गोळ्यांना यकृतातल्या ज्या विकरांतून जावं लागतं ती दारूने आधीच दुबळी केलेली असतात. लोराझेपामची वाट त्यांच्यातून जात नाही.

वसईत दारू सोडवण्याचं हे काम जवळून पाहणारी माणसं आहेत. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचं एक केंद्र वसईत पापडीला आहे. व्यसनमुक्तीच्या अशा जगात डायसल्फिराम नावाची गोळी सगळ्यांना ठाऊक असते. तिची कथाही ऐकण्यासारखी. रबर टिकाऊ करायला वापरतात तेच हे रसायन, आणि रबर कारखान्यातल्या कामगारांना दारू सोसत नाही हे अमेरिकेत १९३७ साली एका कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवून ठेवलं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे त्याचा जंतांवर उपयोग होतो का ते पाहत होते. गोळ्या त्यांनी स्वतःच घेऊन बघितल्या आणि जेवणासोबत थोडं मद्य घेतल्यावर त्यांना कसंतरी व्हायला लागलं. दारूपासून आधी असिटाल्डिहाइड बनतं आणि मग त्याचं निरुपद्रवी द्रव्य होतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी बंद पाडतं. असिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, कारण बंद पडलेलं विकर पुन्हा चालू होत नाही. यकृताला नवं घडवावं लागतं.

आणि इथे मला कळकळीने सांगायचं आहे. भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. भाजीत किंवा चहात चोरून मिसळायच्या त्या पुडीत काय असतं हे घरातल्या बाईला कुणी सांगत नाही. ती डायसल्फिराम असेल आणि नवरा बाहेर जाऊन क्वार्टर मारून आला, तर हृदयाचा विकार असलेला माणूस त्यातून उठेलच असं नाही. ही गोळी घेणाऱ्याला ठाऊक असूनच चालते; तिचा निम्मा गुण त्या ठाऊक असण्यातच आहे. आणखी एक. ती घेणाऱ्याने द्राक्षासव, अशोकारिष्ट यांपासूनही लांब राहावं, कारण आसव-अरिष्टांत मुरवतानाच आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या घरातलं. चांगल्या ताडीहून जास्त. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचीही इथेच अडचण झाली होती. औषध आणि दारू यांच्यातली रेघ त्याने भलतीकडे ओढली, आणि १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधांवरची बंदी रद्द केली. शरीराला ही रेघ कधीच दिसत नाही.

घरोघर मधुमेह आहे, म्हणून एक प्रसंग जवळून बघू. लग्नघर आहे. काकांनी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, वऱ्हाडी-पाहुण्यांच्या धावपळीत जेवण राहिलं आणि संध्याकाळी कुणीतरी आग्रहाने दोन पेग हातात दिले. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, साखर उतरते. एरवी यकृत लगेच नवी साखर तयार करून तोल सावरतं. पण यकृतात आता दारू पचते आहे आणि एनएडीएच साचलं आहे. क्लोरलच्या गोष्टीतलं तेच एनएडीएच साखर बनवण्याची वाट बंद करतं. काकांना घाम फुटतो, जीभ जड होते, पाय लटपटतात. भोवतालचे हसून म्हणतात, ‘काकांना आज जरा जास्त झाली,’ आणि त्यांना आतल्या खोलीत निजवतात. साखर खूप उतरणं आणि दारू चढणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर आकडा बघायला अर्धा मिनिट लागतो. शुद्धीवर असतील तर साखरपाणी, नसतील तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

नेहमी पिणाऱ्याच्या यकृतात दारू पचवायची आणखी एक यंत्रणा जोर धरते. १९६८ मध्ये चार्ल्स लीबर आणि डिकार्ली यांनी ती दाखवली. तिच्यातलं सीवायपी २ई१ हे विकर दारूच्या सवयीने वाढत जातं. आणि तेच पॅरासिटामॉलच्या एका भागाचं विषारी द्रव्य बनवतं. निरोगी माणसात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य ते विष जागच्या जागी निकामी करतं. नीट न जेवणाऱ्या, रोज पिणाऱ्या माणसाकडे विष जास्त आणि ग्लुटाथायोन कमी. सकाळच्या डोकेदुखीवर त्याने मेडिकलमधून आणलेली साधी ‘तापाची गोळी’ दिवसभर भरमसाट घेतली, तर ती साधी राहत नाही. क्षयरोगाच्या औषधांचंही तसंच: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतावर ताण देतात आणि दारू तो वाढवते. भूक मरणं, मळमळ, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता क्षयरोग केंद्रावर जायचं. रिफाम्पिसिनचं तर आणखी एक अजब. ते यकृताला इतकं कामाला लावतं की गर्भनिरोधक गोळीसकट कितीतरी औषधं लवकर संपून जातात. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये आयसोनियाझिड आणि अल्प्राझोलम एकाच यादीत आहेत. केमिस्टने ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि त्यांची वेगळी वही तीन वर्षं जपून ठेवायची. त्या वहीत रुग्णाचं नाव असतं, डॉक्टरचं असतं. तो पितो का, हे नसतं.

आता धूर. बिडी-सिगरेट आणि औषध यांचा संबंध म्हटलं की लोक निकोटिनकडे बघतात. इथे निकोटिनचा काही दोष नाही. जळत्या तंबाखूच्या काजळीत बहुवलयी हायड्रोकार्बन असतात. ते यकृताच्या पेशीत शिरून तिथल्या एका ग्राहकाला चिकटतात, तो ग्राहक पेशीच्या केंद्रकात जातो आणि सीवायपी १ए२ नावाच्या विकराचं जनुक चालू करतो. यकृताच्या लेखी हे काजळी साफ करायचं काम. पण ते विकर सोबत थिओफिलिनही साफ करतं, मानसिक आजारावरची क्लोझापीन आणि ओलान्झापीनही, आणि चहातलं कॅफीनसुद्धा. दमेकऱ्याने डेरिफिलिन घेत घेत बिडी चालू ठेवली तर औषध कितीतरी लवकर शरीराबाहेर जातं. दिवसाला दहाएक सिगरेटीही त्यासाठी पुरतात. तंबाखू मळून तोंडात ठेवणाऱ्याला धूर नसतो, म्हणून हा परिणामही नसतो. निकोटिनच्या पट्टीने किंवा च्युइंग गमनेही तो होत नाही.

यातून एक गंमतशीर पण खरी गोष्ट निघते. सिगरेट सोडलेला माणूस टपरीवरचा चहा पूर्वीइतकाच पितो. पण आता कॅफीन पहिल्यासारखं झपाट्याने जात नाही. तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकतं. हात थरथरतात, झोप उडते, चिडचिड होते. त्याला वाटतं, ही सिगरेटची तलफ आहे. निम्मा दोष चहाचा असतो. सिगरेट सोडण्याच्या पहिल्या आठवड्यात चहा-कॉफी निम्म्यावर आणा हा सल्ला मला तरी सर्वांत कामाचा वाटतो, आणि तो देताना फार कुणी दिसत नाही.

क्लोझापीनच्या बाबतीत हीच गोष्ट गंभीर होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ओढणारे पुष्कळ, आणि त्यांची मात्रा ठरलेली असते ती धुरासकट. असा रुग्ण पाय मोडून वॉर्डात दाखल झाला की धूर त्याच दिवशी थांबतो. पुढच्या काही दिवसांत वाढीव विकर ओसरतं आणि आठवड्याभरात त्याच गोळ्यांची रक्तातली पातळी दीडपटीवर, कधी त्याहूनही वर जाऊ शकते: जास्तीची झोप, लाळ, कधी झटके. म्हणून जाणते मनोविकारतज्ज्ञ रक्तातली पातळी तपासून मात्रा तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त कमी करतात. मग डिस्चार्ज होतो, रुग्ण घरी येतो आणि नाक्यावर पहिली बिडी पेटते. विकर पुन्हा चढतं, कमी केलेली मात्रा आता अपुरी पडते आणि महिन्याभरात आवाज पुन्हा ऐकू यायला लागतात. त्यामुळे डिस्चार्जचा कागद लिहिताना डॉक्टरने विचारायचा प्रश्न दटावणीचा नसतो, मात्रेचा असतो: घरी गेल्यावर पुन्हा ओढणार का, आणि किती?